दिघोरीचा रिकामा अजबखाना

रुख्माबाईंचं नाव आधी घेते. काय घडलं ते मग. साकोलीच्या मोठ्या सडकेवर, एस.टी. स्टँडच्या जरा अलीकडे, त्यांची बेकरी होती. त्यांनी मला गल्ल्यामागे उभं राहायला जागा दिली, मैद्याच्या पोत्यांशेजारच्या खोलीत खाट दिली, जिल्हा पाहायला पाठवलं, आणि एका सकाळी मी दारातच अडून उभी असताना पाठीत थाप मारून मला बसमध्ये चढवलं. ती थाप पडली नसती तर आज मी राजापूरकडे काकूच्या खळ्यात सुपाऱ्या सोलत बसले असते. सुपाऱ्या सोलण्यात काही कमीपणा नाही. पण मग हे लिहायला बसले नसते, आणि लोक मला विचारायलाही आले नसते की बाई, इकडे आलो आहोत तर काय काय पाहावं.

आई गेली आणि सातवीतच माझी शाळा सुटली. दादा, माझा थोरला भाऊ, सडकेच्या कंत्राटदाराकडे मजुरांची हजेरी लिहायला होता. काम साकोलीला आलं तेव्हा त्यानं मला जेवण रांधायला म्हणून इकडे आणलं. खाडीकाठची मुलगी मी. इथे उतरले तेव्हा सपाट जमीन बघून मला चक्कर आल्यासारखं झालं होतं. नजर अडवायला एक डोंगर नाही, नुसतं भाताचं हिरवं आणि मधे मधे आरशासारखे तलाव. लोक बोलायचे ते मराठीच होतं, पण पहिले काही महिने मी प्रत्येक वाक्य मनात एकदा उलगडून घ्यायची आणि मग उत्तर द्यायची, तोवर समोरचा निघून गेलेला असायचा. मला प्रत्येक गोष्टीची काळजी वाटायची. बसचं तिकीट मी उतरेपर्यंत मुठीत धरून ठेवायची, घामानं त्याचा लगदा व्हायचा. दुकानात सुटे पैसे परत घेतले की तिथेच दोनदा मोजायची. अजूनही घराबाहेर पडताना कुलूप तीनदा ओढून बघते, सूनबाई हसते.

बेकरीत मी पाव आणायला जायची, तशीच एक दिवस थांबले. रुख्माबाईंचे यजमान वारल्यापासून दुकान त्या एकट्या चालवत होत्या. भट्टीवर दोन कारागीर होते, पण गल्ल्यावर विश्वासाचं माणूस नव्हतं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "भाऊ तं दिवसभर सडकेवर राह्यते. तू घरी एकटी बसून काय करून राहिली वो? इथं येऊन उभी राह्य. हिशेब येते ना?" मी म्हटलं, येतो, पण चुकेल. "चुकू दे. माया बी चुकते," असं म्हणून त्यांनी माझ्या हातात पावाचा चिमटा दिला.

त्या बेकरीचा वास लिहून सांगता येत नाही, पण प्रयत्न करते. भट्टी लाकडाची होती. धावडा, ऐन, जे मिळेल ते जळायचं. सकाळी पहिला पाव निघायचा तेव्हा गरम यिस्टचा आंबूस वास, मग टोस्ट वाळायला लागले की गोडसर करपटलेला, आणि दुपारी वेलदोड्याचा. बाहेर कलकत्त्याकडे जाणारे ट्रक घरघरत जायचे आणि त्यांच्या हादऱ्यानं बरण्यांची झाकणं आपोआप टिणटिण वाजायची. दुपारी आम्ही दोघी भट्टीमागे जेवायला बसायचो. भात, लाखोळीच्या डाळीचं वरण, कधी तलावातल्या झिंग्यांची चटणी. नारळ नाही म्हणून मी सुरुवातीला उदास व्हायची, तर बाईंनी जवसाची चटणी माझ्या पानात अशी काही वाढली की नारळाची आठवण पुढे फक्त सणालाच यायची. जेवताना त्या मला माझ्या गावाबद्दल विचारायच्या.

"तुया समुद्र आमच्या तलावाएवढा असंल का वो?"

"बाई, पलीकडचा काठच दिसत नाही."

"मंग त्याचं पाणी कोणाच्या वावरात जाते?"

"कोणाच्याच नाही. खारं असतं."

बाईंनी घास हातात धरून माझ्याकडे पाहिलं. "एवढं पाणी, अन् कोणाच्या वावरात नाई? मंग तो कायच्या कामाचा?"

मी पानातला भात कालवत राहिले.

दिवाळीच्या आधी त्या बेकरीत जे चालायचं ते मी कोकणात कधी पाहिलं नव्हतं. गावोगावच्या बाया आपापला मैदा, तूप, साखर डब्यात घालून घेऊन यायच्या आणि नानखटाई भाजून न्यायच्या. माल त्यांचा, भट्टी आमची. आपल्या पत्र्यावरची नानखटाई दुसरीच्या पत्र्यात जाऊ नये म्हणून प्रत्येकीची खूण असायची. कुणी वर काजूचा तुकडा दाबायची, कुणी बोटाचा ठसा, कुणी कंगव्यानं रेघा ओढायची. पत्रा भट्टीत गेला की तो बाहेर येईपर्यंत बाई तिथून हलायची नाही. मग बसल्या बसल्या काय करायचं, तर गावाबद्दल बोलायचं. कोणत्या गावच्या तलावावर थंडीत बाहेरची पाखरं उतरतात, कुणाच्या देवळात दगडी हत्ती आहे, भंडाऱ्याच्या कोणत्या गल्लीत पितळेची भांडी ठोकताना पाहायला मिळतात, कोणत्या गावची मंडई कोणत्या दिवशी. मंडई म्हणजे दिवाळीनंतर प्रत्येक गावात भरणारी जत्रा. या भागात प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला. आज या गावात, उद्या त्या, पाहुणे सारखे फिरत असतात. मी कानांनी सगळा जिल्हा फिरले होते, पायांनी साकोलीच्या बाहेर गेले नव्हते.

सडकेवर मोटारी थांबायच्या त्या जंगलात जाणाऱ्या लोकांच्या. चहाबरोबर खारी घेता घेता ते सहज विचारायचे, इकडे आणखी काय पाहण्यासारखं आहे? आणि मी, जिला स्वतःच्या सावलीची भीती वाटायची, ती याच एका प्रश्नाला न अडखळता उत्तर द्यायची. हे पाहा, ते पाहा, तिकडून वळा. रुख्माबाई आतून ऐकत असायच्या. एक दिवस मोटार गेल्यावर पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"तू हे सारं पाह्यलं हाय का?"

"नाही."

"मंग कशी सांगतं वो पोरी? लोकं तुयाच भरोशावर गाडी वळवून राहिले. उद्यापासून पावाच्या पेट्यांसोबत तू जाय."

आमचा पाव खेड्यांत एस.टी.च्या टपावरून जायचा. त्या पेट्यांबरोबर मी जायला लागले, आठवड्याला एक गाव. पहिल्या दिवशी मला बसमध्ये उलटी झाली, ती बस लागून नव्हे, भीतीनं. पण मग गावं डोळ्यांत शिरायला लागली. भंडाऱ्याच्या त्या गल्लीत शिरले तर दोन्ही कानांत पितळेचा ठणठणाट, आणि एक म्हातारा कारागीर हंड्याच्या पोटात डोकं घालून ठोकत बसलेला. नाकाडोंगरीला बाईंची बहीण दिलेली होती, तिच्याकडे टोस्टचा डबा घेऊन गेले. जंगलातून जाणारा रस्ता, आणि मँगनीजच्या खाणीच्या काळ्या धुळीत माखलेल्या बाया रांगेनं घरी परतताना हसत होत्या, ते हसणं अजून दिसतं. मी परत आले की बाई विचारायच्या, काय पाह्यलं? मी सांगायची. त्या डोळे मिटून ऐकायच्या. भट्टी सोडून त्यांना स्वतःला कुठे जाता यायचं नाही, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

दिघोरीला बाईंचे भाऊ राहायचे, सुकदेवभाऊ. धानाची शेती. त्यांच्या घराच्या कोठीत, म्हणजे जिथे पूर्वी धान साठवायचे त्या खोलीत, त्यांनी जुन्या वस्तू टांगून ठेवल्या होत्या. बैलांच्या घुंगरमाळा, पितळेचं वाकडं शिंग, दंडारीतल्या, म्हणजे इकडच्या लोकनाट्यातल्या, राजाचा मुकुट, कातड्याचा भला मोठा डफ, धान मोजायची लाकडी पायली, मासे धरायचा बांबूचा सापळा, आजोबांचा शिसवी पाट. प्रत्येक वस्तूला एक खिळा आणि खिळ्याखाली भिंतीवर खडूनं नाव. गाव त्याला "सुकदेवचा अजबखाना" म्हणून हसायचं. मी पावसाळ्यात गेले तेव्हा ते मला प्रत्येक वस्तूपाशी थांबवून सांगत होते, ही कुणाची, कधी वापरली, कुठे चेपली. त्या अंधाऱ्या, धानाच्या वासाच्या खोलीत मला पहिल्यांदा वाटलं की या मुलखाशी माझीही ओळख आहे. तेव्हापासून मी येईल त्या मोटारवाल्याला दिघोरी सांगायची. जाणारे फार थोडे, पण सांगायची.

पुढची दिवाळी झाली आणि दादा आला. कंत्राटाचं काम पुढे रायपूरच्याही पलीकडे सरकलं होतं. तो तिकडे तंबूत राहायचा आणि मी बेकरीतल्या खोलीत; तंबूत मला नेणं शक्य नव्हतं. तो माझ्यासाठी परतीचं ठरवून आला होता. काकूला कळवलं होतं, दुसऱ्या दिवशी निघायचं होतं. दादा वाईट नव्हता, हे इथे नीट लिहून ठेवते. तो एवढंच म्हणाला, "कुसुम, इथे आपलं कोण आहे? परक्या बाईच्या दुकानात तू किती दिवस राहणार? लोक विचारतात मला." परकी बाई म्हटल्यावर रुख्माबाई मान खाली घालून टोस्ट मोजत राहिल्या, पण त्यांचं मोजणं चुकलेलं मला दिसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी पत्र्याची पेटी दुकानाच्या दारात बांधून ठेवली होती. दादा चहा पीत होता. तेवढ्यात सडकेवर नागपूरची एक मोठी बस थांबली, आणि तिच्यातून बाया, मुलं, डबे, पाण्याच्या पिशव्या असं सगळं रागानं खाली उतरलं. महिला मंडळाची सहल होती. जंगलात निघाले होते. पण बांबूचा ट्रक मधल्या लाकडी पुलावर अडकून पूलच बसला होता, रस्ता बंद. मुलं रडत होती. सहलीच्या मुख्य लीलाताई, डोळ्यांवर काळा चष्मा, आवाज शाळेच्या घंटेसारखा, त्या ड्रायव्हरवर ओरडत होत्या. "महिनाभर तयारी करून राहिलो आम्ही, आणि आता काय बिस्किटं खाऊन परत जायचं?"

मी कशी बोलले मला ठाऊक नाही. "दिघोरीला जा," मी म्हटलं. "आज तिथे मंडई आहे. आणि एक अजबखाना आहे, जुन्या वस्तूंचा, असा तुम्ही पाहिला नसेल. परतताना भंडाऱ्यात पितळेची गल्ली. संध्याकाळच्या आत नागपूरला पोचाल."

लीलाताईंनी चष्मा वर केला. "तू येतेस दाखवायला?"

मी एक पाय मागे घेतला. दादाकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं. तेव्हा ती थाप पडली, दोन्ही खांद्यांच्या मधे, मैद्यानं माखलेल्या हाताची. "जाय ना वो! तुनं सांगतलं, आता तूच दाखव. अन् भाऊ, तुमी बी जा सोबत. गाडी दुपारची हाय ना तुमची? नाई भेटली तं उद्या जा. पेटी कुठी पळून नाई जात." शिवाय वाटेसाठी ताज्या नानखटाईचा डबा त्यांनी माझ्या काखेत कोंबला. माझ्या पोलक्यावर पाठीमागे पाच बोटं पांढरी उमटली होती. बसमध्ये मुलं हसली तेव्हा मला कळलं.

बसमध्ये मी उभी राहून बोलले. डफ केवढा आहे, मुकुटाला आरसे कसे लावलेत, शिंग कसं वाजतं. बाया ऐकत होत्या, नानखटाई फिरत होती. दादा मागच्या सीटवर तोंड खिडकीकडे करून बसला होता. मला वाटत होतं, एवढा एक दिवस. निदान एक दिवस तरी मी कुणाला काही दाखवलं, हे बरोबर घेऊन जाईन.

दिघोरीला उतरलो तर भल्ली गर्दी. दुकानं लागलेली, जिलेबीच्या कढया, आलुबोंड्याचा वास, लांबून बासरी. मी सगळ्यांना गर्दीतून वाट काढत आधी सुकदेवभाऊंच्या घरी नेलं. कोठीचं दार उघडंच होतं. मी मोठ्या ऐटीत बाजूला झाले आणि लीलाताईंना म्हटलं, "या."

आत काही नव्हतं. भिंतीवर नुसते खिळे, आणि खिळ्यांखाली खडूची नावं. शिंग, डफ, मुकुट, पायली. आणि वस्तू एकही नाही. दोन चिमण्या तेवढ्या तुळईवरून उडाल्या.

चोरी झाली असं वाटलं. मग वाटलं, घर चुकलं. पण घर तेच होतं. मागे उभ्या असलेल्या बायांतून कुणीतरी म्हणालं, "हे काय, खिळे पाहायला आणलं का?" आणि एकदोघी फसकन हसल्या. दादा दारात उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दया होती, आणि ती रागापेक्षा वाईट होती.

तेवढ्यात सुकदेवभाऊ आले. नवं धोतर, कपाळाला गुलाल. मी रडवेली होऊन विचारलं, "भाऊ, वस्तू कुठे गेल्या?"

"कुठी जातील? कामाले गेल्या!" ते म्हणाले. "आज मंडई हाय ना वो पोरी. आजच्या दिवशी त्या इथं टांगून काहून ठेवाच्या? सालभर आराम करतेत, आज तं काम करू दे!"

जगातल्या कुठल्या संग्रहालयात असं होत असेल? पुढे मी बरीच संग्रहालयं पाहिली, काचेमागची, दिव्यांखालची, हात लावू नका लिहिलेली. पण वर्षातून एक दिवस वस्तू आपल्या पायांनी बाहेर पडतात असं मी दिघोरीशिवाय कुठे ऐकलं नाही. त्या लोकांना त्यात काही नवल वाटायचं नाही. रुख्माबाईंना मंडईचा दिवस ठाऊक होता आणि भावाची खोलीही ठाऊक होती, तरी मला थांबवावं हे त्यांच्या मनात आलं नाही. वस्तू कामाला गेली म्हणजे ती हरवली, असं त्यांच्या हिशेबात नव्हतंच. माझ्याच डोक्यात संग्रहालय म्हणजे खिळ्यावरची वस्तू, असं पक्कं बसलं होतं.

मी त्या रिकाम्या भिंतीकडे पाहत राहिले, आणि मला बेकरीतले पत्रे आठवले. प्रत्येकीच्या खुणा, आणि भट्टीतून पत्रे निघाले की आपापली नानखटाई ओळखायची ती धांदल. मी मुलांकडे वळले. "बघा, इथे नावं आहेत. वस्तू सगळ्या बाहेर मंडईत आहेत. ज्याला जी सापडेल त्यानं ती कुठे आहे, कोणाकडे आहे, काय करते आहे ते पाहायचं आणि इथे येऊन खिळ्यापाशी उभं राहून सांगायचं. चला, कोण शिंग घेतं?"

मग एक जाडगेला मुलगा म्हणाला, "मी मुकुट!" आणि सगळी पोरं एकदम ओरडत दारातून बाहेर सुटली, मागून त्यांच्या आया, आयांमागून लीलाताई, काळा चष्मा डोक्यावर चढवून.

पुढचा तासभर काय झालं ते आठवलं की आजही मला एकटीला हसू येतं. नागपूरच्या बाया लुगडी सावरत दिघोरीच्या मंडईत डफ शोधत फिरत होत्या आणि दुकानदार त्यांना वाटा दाखवत होते. घुंगरमाळ पाटलांच्या पांढऱ्या बैलाच्या गळ्यात सापडली. पायलीनं एक म्हातारी चिवडा मोजून विकत होती. तिनं ती हातात द्यायचं साफ नाकारलं, "आधी चिवडा घ्या, मंग पायली पाहा" म्हणाली, आणि मग तिच्याकडचा सगळा चिवडा त्यांनीच संपवला. बांबूच्या सापळ्याखाली कुणीतरी कोंबड्या झाकल्या होत्या. आजोबांच्या पाटावर गावचे सगळ्यांत वयस्कर गृहस्थ मानानं बसले होते, आणि लीलाताई त्यांना वाकून नमस्कार करून मगच पाटाकडे पाहू शकल्या. मुकुट दंडारीतल्या राजाच्या डोक्यावर होता; राजानं तो काढून त्या जाडगेल्या मुलाला घातला आणि मुलगा रडायचाच बाकी राहिला, आनंदानं. मोरपिसांची उंच ढाल घेऊन गुरं राखणारे गोवारी नाचत आले तेव्हा पोरं त्यांच्यामागून गेली आणि शिंग तिथे सापडलं. एकेक जण धापा टाकत कोठीत परत यायचा आणि खिळ्यापाशी उभा राहून सांगायचा. सुकदेवभाऊ दारात बसून प्रत्येकाला पुढची गोष्ट सांगत होते, ती वस्तू कुणाची, कशी चेपली. त्या खोलीत एकही वस्तू नव्हती आणि माणसांना उभं राहायला जागा नव्हती.

डफ मात्र कुणाला सापडेना. आवाज येत होता, गर्दी दाट होती. मी टाचा उंचावून पाहिलं आणि पाहतच राहिले. डफ दादाच्या हातात होता. कोणीतरी हौसेनं त्याच्याकडे दिला होता, पाहुणा म्हणून. आमच्या गावी शिमग्याला पालखीपुढे ढोल वाजवायचा तो दादाच. आई गेल्यापासून त्यानं ढोलाला हात लावला नव्हता. तो आमचा कोकणातला ठेका वाजवत होता. नाचणारे आधी गोंधळले, मग हसले, मग त्या ठेक्यावर पाय पडायला लागले. "वाजवा गा भाऊ, वाजवा!" कोणीतरी ओरडलं. दादाचे डोळे मिटलेले होते, कपाळावर गुलाल होता, कोणी लावला कोण जाणे.

दुपार कलली तशी बस भरली. मुलांचे खिसे चिवड्यानं फुगलेले, ड्रायव्हरच्या गळ्यात झेंडूची माळ. बस सुटायच्या आधी लीलाताईंनी सगळ्यांना गप्प केलं आणि मला विचारलं, "पुढच्या महिन्यात आमच्या बहिणीच्या शाळेची सहल आहे. तिलाही हेच सांगणार मी. पण वस्तू खिळ्यावर असतील त्या दिवशी?" सगळे हसले. मग त्या मागच्या सीटकडे वळल्या. "भाऊ, ही तुमची बहीण ना? पुढच्या महिन्यात ही साकोलीलाच असेल ना? नाहीतर आम्ही विचारायचं कोणाला?"

मी तोंड फिरवून खिडकीबाहेर पाहू लागले. दादानं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पाठीवरच्या त्या पाच पांढऱ्या बोटांकडे, जी अजून पुसली गेली नव्हती.

"असेल," तो म्हणाला. "तिथेच असेल. बेकरीत विचारा."

भंडाऱ्याच्या पितळेच्या गल्लीचा रस्ता ड्रायव्हरला पुन्हा एकदा समजावून आम्ही साकोलीला उतरलो. पेटी दारात नव्हती. ती माझ्या खोलीत खाटेखाली नेहमीच्या जागी सरकवलेली होती, आणि बाई गल्ल्यावर बसून माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "दारात लोकाच्या पायात येत होती." दादा दुसऱ्या दिवशी एकटाच गेला. जाताना तो रुख्माबाईंच्या पाया पडला. परकी बाई हा शब्द त्यानं पुन्हा कधी उच्चारला नाही. पत्रात लिहायचा, बाईंना नमस्कार.

त्यानंतर बसगाड्या येत राहिल्या. बेकरीत पाव मिळायचा आणि वाटा मिळायच्या. सातवीतून उठलेल्या मुलीनं मोठमोठ्या माणसांना गावं दाखवली आणि तिचा कधी कुणी अपमान केला नाही, हे लिहिताना ऊर भरून येतो. मी घरापासून दूरच राहिले; इथेच लग्न झालं, इथेच मुलं झाली. तुम्ही इकडे येणार असाल तर माझं आजही तेच सांगणं आहे. बेकरी लाकडाच्या भट्टीची बघा, पाकिटातली बिस्किटं घरी खा. भंडाऱ्यात सकाळी जा, तेव्हा ठोकणारे हात ताजे असतात. आणि दिघोरीला दिवाळीनंतर, मंडईच्या दिवशीच जा. सुकदेवभाऊ आता नाहीत, त्यांचा नातू खिळ्यांखालची नावं दरवर्षी नव्या खडूनं लिहितो. खोली रिकामी दिसली तर घाबरू नका, बाहेर या.

राहिलं एक. मला जिल्हाभर पाठवणाऱ्या रुख्माबाई स्वतः नागपूरच्या पुढे कधी गेल्या नाहीत. मी दरवर्षी म्हणायची, बाई, चला, समुद्र दाखवते. आधी भट्टी कोण पाहील, मग लगनसराईची ऑर्डर, मग गुडघे. आता भट्टी त्यांच्या बहिणीची नातसून पाहते आणि बाई दारात खुर्ची टाकून बसतात, ऐकू कमी येतं, पण ट्रक गेला की बरण्या टिणटिणतात तेव्हा मान हलवतात. परवा मी त्यांच्या कानाशी मोठ्यानं सांगितलं की यंदाच्या मंडया आटोपल्या की मी गाडी घेऊन दारात येणार आहे, आणि आल्या नाहीत तर पाठीत थाप घालून चढवणार आहे. त्या कितीतरी वेळ हसल्या. मग म्हणाल्या, "येतो वो. पण तो कायच्या कामाचा, हे तुनं अजून नाई सांगतलं."

सांगीन. बाई, काठावर तुमच्याशेजारी बसून सांगीन.